‘दोनच’ की ‘निदान दोन’?

सातवी-आठवीच्या वर्गात एक प्रश्न विचारून पाहावा. फळ्यावर एक समभुज त्रिकोण काढावा, तिन्ही बाजूंवर ५ सें.मी. असे लिहावे आणि विचारावे, “हा त्रिकोण समद्विभुज आहे का?” बहुतेक मुले “नाही” म्हणतील. “का नाही?” असे विचारले तर “याच्या तिन्ही बाजू समान आहेत” हे उत्तर येईल. पण एखादी मुलगी असेही म्हणेल, “तिन्ही समान आहेत म्हणजे दोन समान आहेतच की!” परीक्षेत तिने तसे लिहिले तर तिचा एक गुण जाण्याची शक्यता बरीच आहे. तो गुण कापावा की द्यावा? तपासणाऱ्याच्या हातातल्या लाल पेनापुढे आलेला हा प्रश्न निदान तेवीसशे वर्षे जुना आहे. गंमत अशी की त्याचे उत्तर मधल्या काळात बदलले आहे.

घोटाळ्याचे एक मूळ आपल्या बोलण्यातच आहे. “दोन रुपये सुटे आहेत का?” असे कंडक्टरने विचारले आणि आपल्या खिशात तीन रुपये असले तर आपण “आहेत” म्हणतो. इथे दोन म्हणजे निदान दोन. पण “तुम्हाला मुले किती?” या प्रश्नाला तीन मुलांचा बाप “दोन” असे उत्तर देत नाही. इथे दोन म्हणजे दोनच. भाषेला दोन्ही अर्थ चालतात, प्रसंग पाहून आपण योग्य तो घेतो. ‘ज्याच्या दोन बाजू समान असतात तो समद्विभुज त्रिकोण’ या व्याख्येतला ‘दोन’ कंडक्टरचा की बापाचा, हे मात्र व्याख्या करणाऱ्यानेच सांगायला हवे.

युक्लिडने ते सांगितले होते. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराचा त्याचा ग्रंथ, ‘मूलतत्त्वे’. त्याच्या पहिल्या पुस्तकातली विसावी व्याख्या अशी: तीन बाजूंच्या आकृत्यांपैकी जिच्या तिन्ही बाजू समान ती समभुज, जिच्या फक्त दोन बाजू समान ती समद्विभुज आणि जिच्या तिन्ही बाजू असमान ती विषमभुज. ‘फक्त’ हा शब्द भाषांतरकाराने घातलेला नाही, त्या अर्थाचा शब्द मूळ ग्रीक वाक्यातच आहे. म्हणजे युक्लिडच्या हाती लाल पेन असते तर आपल्या त्या मुलीचा गुण गेलाच असता. लगेच पुढच्या व्याख्येत त्याने कोनांवरून त्रिकोणांचे तीन प्रकार केले आहेत आणि बाविसाव्या व्याख्येत चौकोनांचे. तिथेही हाच खाक्या आहे. त्याच्या लेखी चौरस हा आयत नव्हे आणि समभुज चौकोनही नव्हे. प्रत्येक आकृती एकाच खणात, आणि एका खणातली दुसऱ्यात नाही.

या तीन प्रकारांची ग्रीक नावे मोठी बोलकी आहेत. समभुजाच्या नावाचा अर्थ ‘सारख्या बाजूंचा’. समद्विभुजाच्या नावाचा अर्थ मात्र ‘सारख्या पायांचा’. त्रिकोण जणू दोन पाय फाकून पायावर उभा आहे आणि दोन्ही पाय सारख्या लांबीचे आहेत. विषमभुजासाठीचा शब्द ‘ओबडधोबड, वाकडातिकडा’ अशा अर्थाचा. प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात सॉक्रेटिस सम संख्या म्हणजे काय हे सांगताना हेच शब्द वापरतो: जी वाकडी नाही, सारख्या पायांची आहे, ती सम संख्या. आठचे चार आणि चार असे दोन सारखे पाय होतात, सातचे होत नाहीत. मराठी वाचकाला याचे नवल वाटायला नको. आपणही ‘सम’ आणि ‘विषम’ हे शब्द संस्कृतातून घेतले आणि त्रिकोणांना व संख्यांना दोघांनाही लावले. विषमभुज त्रिकोण आणि विषम संख्या यांतला ‘विषम’ एकच आहे. मुलांना हे सहसा कोणी सांगत नाही. सांगितले तर दोन्ही शब्द एकदम पक्के होतात.

युक्लिडनंतर सातशे-आठशे वर्षांनी, पाचव्या शतकात, प्रोक्लसने पहिल्या पुस्तकावर भाष्य लिहिले. त्याने बाजूंवरून केलेले तीन प्रकार आणि कोनांवरून केलेले तीन प्रकार एकमेकांत गुंफले. तीन त्रिक नऊ व्हायला हवेत, पण त्रिकोणाच्या जाती भरतात सात. समभुज काटकोन आणि समभुज विशालकोन त्रिकोण निघतच नाहीत. नऊ घरांचा तक्ता करून मुलांना प्रत्येक घरात एकेक त्रिकोण काढायला लावावा, दोन घरे रिकामी का राहतात ते त्यांनीच शोधावे. या कामासाठी एकमेकांत न मिसळणारे खण उपयोगी पडतात यात शंका नाही. नाहीतर मोजणी कशी करायची?

पण मोजणी संपून सिद्धता सुरू झाली की हेच खण पायात येऊ लागतात. खुद्द युक्लिडचे काय झाले ते पाहू.

पहिल्या पुस्तकातला पाचवा सिद्धान्त प्रसिद्ध आहे: समद्विभुज त्रिकोणात पायालगतचे कोन समान असतात. (युरोपातल्या शाळांत याला ‘गाढवांचा पूल’ म्हणत. अनेक विद्यार्थी इथेच अडत.) प्रोक्लसच्या म्हणण्यानुसार हे प्रथम थेलीसने सांगितले आणि त्याने त्या कोनांना जुन्या वळणाने ‘समान’ न म्हणता ‘सारखे’ म्हटले होते. पुढचा सहावा सिद्धान्त पाचव्याचा व्यत्यास. तो आपण सहज असा सांगू: ज्या त्रिकोणाचे दोन कोन समान, तो समद्विभुज. युक्लिड असे म्हणत नाही. तो म्हणतो, त्रिकोणाचे दोन कोन समान असतील तर त्यांच्या समोरच्या बाजू समान असतात. ‘समद्विभुज’ हा शब्दच तिथे नाही. आम्हाला हे लेखकाचे सावधपण वाटते. ‘फक्त दोन’ ही व्याख्या धरली तर आपले सोपे विधान चुकीचे ठरते, कारण दोन कोन समान असतील तर तिसराही समान असू शकतो आणि मग त्रिकोण समद्विभुज राहत नाही, समभुज होतो.

चौथ्या पुस्तकात मात्र हे सावधपण सुटते. तिथला पंधरावा सिद्धान्त वर्तुळात सुसम षट्कोन काढण्याचा आहे. त्रिज्येएवढ्या अंतराने वर्तुळावर खुणा करीत जाण्याची ती कृती आपण सगळ्यांनी कंपासपेटी हातात आल्याबरोबर केलेली असते. या सिद्धतेत एक समभुज त्रिकोण तयार होतो. त्याचे तिन्ही कोन समान आहेत हे युक्लिडला हवे आहे. तो कारण काय देतो? ‘कारण समद्विभुज त्रिकोणात पायालगतचे कोन समान असतात.’ म्हणजे विसाव्या व्याख्येत ज्याला समद्विभुजांच्या खणातून बाहेर काढले, त्यालाच इथे समद्विभुज मानून पाचवा सिद्धान्त लावला! गणिती दृष्टीने यात काही बिघडलेले नाही. पाचव्या सिद्धान्ताची सिद्धता दोन बाजू समान आहेत एवढेच वापरते, तिसरी कशी आहे ते विचारीत नाही. बिघाड आहे तो ‘फक्त’ या शब्दात.

खणांच्या या हट्टाची किंमत याआधीही मोजली गेली होती. सहाव्या शतकातला भाष्यकार युटोशियस जेमिनस नावाच्या जुन्या लेखकाचा हवाला देऊन एक आठवण नोंदवतो. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन असते, हा आपल्या ओळखीचा सिद्धान्त. प्राचीनांनी तो म्हणे प्रत्येक जातीसाठी वेगळा सिद्ध केला होता, आधी समभुजासाठी, मग समद्विभुजासाठी, मग विषमभुजासाठी. सर्व त्रिकोणांसाठी एकच सिद्धता नंतरच्या लोकांनी दिली.

त्या तीन सिद्धता कशा असतील ते युटोशियस सांगत नाही, पण वर्गात आपण त्या वाटेने चालून पाहू शकतो. समभुज त्रिकोणाच्या सहा सारख्या फरश्या एका बिंदूभोवती बसतात आणि फट उरत नाही. सहा कोन मिळून चार काटकोन, म्हणून तीन कोन मिळून दोन काटकोन. आता समद्विभुज घेऊ. त्याच्या शिरोबिंदूपासून पायावर लंब टाकला की दोन काटकोन त्रिकोण होतात. प्रत्येक काटकोन त्रिकोण हा कर्णावर कापलेला अर्धा आयत असतो, त्यामुळे त्याच्या दोन लघुकोनांची बेरीज एक काटकोन. दोन्ही बाजूंचे मिळून दोन काटकोन, काम झाले. पण थांबा. ही सिद्धता समभुजालाही जशीच्या तशी लागू पडते, म्हणजे फरश्यांचा खटाटोप करायलाच नको होता. आणि आणखी थोडे पाहिले तर लंबामुळे होणारे दोन तुकडे सारखेच असायला हवेत असेही नाही. सर्वांत मोठ्या बाजूवर लंब टाकला की कोणताही विषमभुज त्रिकोण याच युक्तीला वश होतो. तीन सिद्धता लिहिल्या, लागत होती एकच.

युक्लिडच्या आधीच्या पिढीतल्या ॲरिस्टॉटलने नेमके यावर बोट ठेवले आहे. समभुज, समद्विभुज आणि विषमभुज यांच्यासाठी ज्याने हे वेगवेगळे सिद्ध केले त्याला, दुसऱ्या जातीचा त्रिकोण जगात उरलेला नसला तरी, ‘त्रिकोणा’बद्दल ते खऱ्या अर्थाने कळलेले नाही असे तो म्हणतो. पुढचे त्याचे उदाहरण शिक्षकांनी लक्षात ठेवावे असे आहे. कांस्याचा एक समद्विभुज त्रिकोण घ्या. त्याच्या कोनांची बेरीज दोन काटकोन आहे. आता त्याचे कांस्यपण काढून घ्या, बेरीज तशीच राहते. समद्विभुजपण काढून घ्या, तरीही तशीच राहते. त्रिकोणपण काढले की मग ती राहत नाही. अर्थात तो गुण कांस्याचा नव्हे, समान बाजूंचाही नव्हे, त्रिकोणाचा आहे. कोणता गुण कोणाचा, हे ओळखणे म्हणजेच वर्गीकरण जाणणे.

आता आपल्याकडे वळू. भारतीय परंपरेत युक्लिडसारख्या व्याख्यांची यादी नाही, त्यामुळे ‘फक्त’चा वाद त्या रूपात उद्भवला नाही. इथे त्रिकोण आला तो कामाच्या निमित्ताने. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या शुल्बसूत्रांत यज्ञाच्या वेदीचा एक आकार ‘प्रउग’ म्हणून येतो. प्रउग म्हणजे रथाच्या दांडीचा पुढचा भाग. कृती अशी की हव्या त्या क्षेत्रफळाच्या दुप्पट चौरस घ्यायचा आणि त्याच्या पूर्वेकडच्या बाजूचा मध्य पश्चिमेकडच्या दोन कोपऱ्यांना जोडायचा. आपल्या भाषेत हा समद्विभुज त्रिकोण झाला आणि क्षेत्रफळ बरोबर चौरसाच्या निम्मे. पण सूत्रकाराला बाजूंच्या समानतेशी कर्तव्य नाही, त्याला दोरी कुठून कुठे ताणायची हे सांगायचे आहे.

सम, द्विसम आणि विषम ही नावे पुढे गणिताच्या ग्रंथांत येतात. ‘आर्यभटीया’वर पहिल्या भास्कराने ६२९ साली लिहिलेल्या टीकेत ती आहेत. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात त्रिकोणांचे हे तीन प्रकार, चौकोनांचे पाच आणि वर्तुळासारख्या आकृत्यांचे आठ, असे सोळा प्रकार मोजले आहेत. हे प्रकार म्हणजे जणू हिशेबाच्या वहीतली सदरे. कोणत्या सदराला कोणती रीत लावायची हे त्यावरून कळावे, एवढाच हेतू.

यातले सर्वांत रंजक काम ब्रह्मगुप्ताचे आहे. ६२८ सालच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त तो असे त्रिकोण तयार करण्याच्या रीती देतो की ज्यांच्या बाजू, लंब आणि क्षेत्रफळ हे सगळे पूर्णांकांत किंवा अपूर्णांकांत मांडता यावे. द्विसमासाठी अ आणि ब या दोन संख्या घ्यायच्या. समान बाजू अ² + ब², पाया २(अ² − ब²), लंब २अब. अ = २, ब = १ घेतले तर ५, ५, ६ बाजूंचा आणि ४ लंबाचा त्रिकोण मिळतो, म्हणजे ३, ४, ५ चे दोन काटकोन त्रिकोण पाठीला पाठ लावून ठेवलेले. विषम त्रिकोणासाठीही हीच युक्ती, मात्र समान लंबाचे दोन वेगवेगळे काटकोन त्रिकोण जोडायचे. ५, १२, १३ आणि ९, १२, १५ हे १२ च्या बाजूने जोडले की १३, १४, १५ चा त्रिकोण होतो. त्याचे क्षेत्रफळ ८४. शेकडो वर्षे गणिताच्या पोथ्यांत फिरलेला हा त्रिकोण ‘लीलावती’तही आहे.

आता एक प्रश्न. ब्रह्मगुप्ताच्या द्विसमाच्या रीतीतून कधी समभुज त्रिकोण निघेल का? त्यासाठी अ² + ब² = २अ² − २ब² व्हायला हवे, म्हणजे अ² = ३ब². पण ३ चे वर्गमूळ अपूर्णांकात मांडता येत नाही, म्हणून अशा संख्या सापडणार नाहीत. दुसऱ्या बाजूनेही तेच दिसते. समभुजाची बाजू परिमेय असली तर त्याचा लंब आणि क्षेत्रफळ अपरिमेयच येतात. म्हणजे या अंकगणिताच्या राज्यात समभुज त्रिकोण द्विसमांतून आपोआप बाहेर पडतो. तिथे ‘फक्त’ म्हणण्याची गरजच नाही, संख्याच त्याला वेगळा काढतात! वर्गीकरण कशासाठी करतो त्याप्रमाणे त्याची कुंपणे बदलतात, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

गणितज्ञांनी ‘निदान दोन’कडे झुकण्यामागचे कारण सममितीच्या विचाराने उघड होते. चौथ्या शतकातल्या पॅपसने पाचव्या सिद्धान्ताची एक सिद्धता दिली होती, तीत याचे बीज आहे. अबक त्रिकोणात अब आणि अक समान आहेत. आता अबक आणि अकब यांना दोन त्रिकोण समजून एकमेकांवर ठेवा. दोन बाजू आणि त्यांमधला कोन जुळतात, म्हणून उरलेले कोनही जुळतात. कोणतीही जादा रेषा काढायची नाही, त्रिकोण फक्त उलटा करून स्वतःवरच ठेवायचा. पुढे १८७२ साली फेलिक्स क्लाइनने भूमिती म्हणजे अशा हालचालींत काय बदलत नाही याचा अभ्यास, ही दृष्टी मांडली. पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून त्याच्या कागदावरच्या खाचेत तो किती प्रकारे बसतो ते मुलांना मोजू द्या. विषमभुज एकाच प्रकारे बसतो. समद्विभुज दोन प्रकारे, सरळ आणि पालथा. समभुज सहा प्रकारे बसतो, आणि त्या सहांत समद्विभुजाचे ते दोन असतातच. समद्विभुजाबद्दल जे जे सिद्ध केले ते सगळे समभुजाला वारसाहक्काने मिळते, आणि तेही तीनदा, कारण कोणतीही बाजू पाया धरता येते. ‘फक्त’ म्हटले की हा वारसा तुटतो आणि प्रत्येक सिद्धान्तात ‘समद्विभुज किंवा समभुज’ असे शेपूट लावावे लागते.

मग त्या मुलीच्या गुणाचे काय? पाठ्यपुस्तकात ‘फक्त’ नसेल तर तिचे उत्तर बरोबर आहे आणि गुण दिलाच पाहिजे, असे आमचे मत आहे. ‘नाही’ लिहिणाऱ्या मुलाचे काय, हा अधिक नाजूक प्रश्न. डच शिक्षक-दांपत्य पियर व्हान हीले आणि डिना व्हान हीले-गेल्डॉफ यांनी १९५७ साली भूमितीच्या आकलनाच्या पायऱ्या मांडल्या. त्यानुसार आकृती दिसते तशी ओळखणे ही आधीची पायरी, तिचे गुणधर्म सांगणे ही पुढची, आणि एक जात दुसरीत सामावते हे उमगणे त्याच्याही पुढची. ‘नाही’ म्हणणारा मूल बहुधा मधल्या पायरीवर असते, त्याला ढकलून वर चढवता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतले मायकेल डी व्हिलियर्स यांनी १९९४ साली चौकोनांच्या संदर्भात लिहिताना दाखवले की वेगवेगळ्या खणांचे वर्गीकरण गणिताच्या दृष्टीने चूक नसते, ते कमी सोयीचे असते. त्यामुळे ‘पुस्तकात आहे म्हणून’ असे सांगण्यापेक्षा, कोणती व्याख्या घेतली तर किती लिहावे लागते, हे मुलांनाच करून पाहू द्यावे.

त्यासाठी आगपेटीच्या काड्या पुरतात. ‘लीलावती’त दुसऱ्या भास्कराने ३, ६, ९ बाजूंच्या ‘त्रिकोणा’चे उदाहरण दिले आहे आणि तो होत नाही हे त्या मापाच्या सरळ काड्या मांडून दाखवावे असे सुचवले आहे. ११५० सालचे हे शैक्षणिक साधन! आधी तो प्रयोग करावा, १८ काड्यांत तो होतो. ३ आणि ६ काड्या ९ काड्यांवर आडव्याच पडतात, वर उठत नाहीत. मग प्रत्येक गटाला १२ काड्या द्याव्यात आणि सर्व काड्या वापरून, एकही न मोडता, किती वेगवेगळे त्रिकोण होतात ते शोधायला सांगावे. तीनच होतात: ४, ४, ४, ५, ५, २, आणि ३, ४, ५. बाजूंवरून पडणाऱ्या प्रत्येक जातीचा एकेक, आणि विषमभुज तर काटकोनही. ९ काड्यांतही असेच तीन निघतात, १० काड्यांत मात्र दोनच, आणि त्यांत विषमभुज एकही नाही. ११ काड्यांत किती होतात ते आम्ही इथे सांगत नाही. निकाल फळ्यावर तक्त्यात लिहून घ्यावेत, आणि १२ काड्यांच्या ओळीत ‘समद्विभुज’ या सदराखाली १ लिहायचा की २, हे मुलांना ठरवू द्यावे.